वाट मोजावी, वाटसरू नव्हे

संध्याकाळी शाळा-कचेऱ्या सुटल्या की आमच्या बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी गाड्यांची रांग लागते. पूर्वी ही रांग तिथं पोचल्यावरच कळायची. आता घरातून निघण्याआधी मोबाईलवरचा नकाशा उघडला तर तेवढी रेघ लाल झालेली दिसते. नकाशाला हे सांगतं कोण? गेटावर त्याचा कुणी माणूस बसलेला नाही. रांगेत अडकलेल्यांच्या खिशातले आणि पर्समधले मोबाईलच सांगतात. आपण कुठे आहोत, किती वेगानं सरकतो आहोत, हे ते थोड्या थोड्या वेळानं कळवत राहतात. एका जागचे पुष्कळ मोबाईल मुंगीच्या पावलानं चालू लागले की नकाशा समजतो, रस्ता तुंबला.

२०२० च्या फेब्रुवारीत बर्लिनमधल्या सायमन वेकर्ट या कलावंतानं याची मोठी गंमत करून दाखवली. त्यानं नव्व्याण्णव जुने मोबाईल एका छोट्या हातगाडीत भरले आणि ती गाडी रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेली. नकाशानं तो रस्ता लाल केला! रस्त्यावर एक माणूस आणि एक हातगाडी, पण नकाशाच्या लेखी तिथं गाड्यांची गर्दी. हे वाचल्यावर मला एक गोष्ट पक्की समजली. या नकाशाला माणसं दिसत नाहीत, मोबाईल दिसतात. आणि मोबाईलच्या चालण्यावरून तो माणसांबद्दल अंदाज बांधतो.

आपण सगळ्यांनी मिळून, बरेचदा नकळत, शहराला आपली वाट सांगायला सुरुवात केली आहे. हे चांगलं की वाईट, यावर आमच्या शुक्रवारच्या स्वाध्याय मंडळात मध्यंतरी चांगलाच वाद झाला. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या शहाण्या बायका होत्या. त्या वादानंतर माझ्या मनात जे घोळत राहिलं ते इथे नीट मांडून बघते.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरोखरच आहे. आपण बायका शहरात कशा फिरतो हे आजवर कुणी फारसं मोजलेलंच नाही. २०११ च्या जनगणनेत घरापासून कामाची जागा किती लांब आणि तिथं कशानं जाता, असा प्रश्न होता. पण तो शेती, शेतमजुरी आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांसाठी. घर सांभाळणाऱ्या बाईला तो लागूच नव्हता. म्हणजे सरकारी कागदावर बघाल तर मी कुठेच जात नाही.

आणि माझा साधा दिवस कसा असतो? सकाळी बस्तीत. (आमच्याकडे जिनमंदिराला बस्तीच म्हणतात.) येताना औषधांच्या दुकानातून ह्यांच्या गोळ्या. मग रविवार पेठेत किराणा. दुपारी साडीला फॉल लावायला टाकायचा, तिथून आजारी नणंदेकडे डोकावायचं, परतताना भाजी. तुमचंही थोड्याफार फरकानं असंच असणार. पुरुषाचा प्रवास सरळ असतो, सकाळी एक जाणं आणि संध्याकाळी एक येणं. आपला प्रवास म्हणजे गजऱ्यासारखा, लहान लहान फुलं एका दोऱ्यात. इनेस सांचेझ दे मादारियागा या स्पॅनिश अभ्यासक बाईंनी याचाच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्यांची काळजी घेण्यासाठी केलेला हा सगळा प्रवास कागदावर खरेदी, भेटीगाठी, इतर अशा रकान्यांत विखुरला जातो, म्हणून तो किती मोठा आहे हे दिसतच नाही. जे दिसत नाही त्याच्यासाठी बस कोण सोडणार?

१९९९ मध्ये ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराच्या एका भागात लोकांना विचारलं गेलं, तुम्ही बस-ट्राम कधी वापरता आणि कशासाठी? बहुतेक पुरुषांनी पाच मिनिटांत कागद भरून दिला. सकाळी कामावर, संध्याकाळी घरी. बायका मात्र लिहीतच राहिल्या. मुलाला डॉक्टरकडे, मग शाळेत, मग आईसाठी बाजार, मग परत. ते वाचून शहरानं फुटपाथ रुंद केले, रात्री चालायच्या वाटांवर दिवे वाढवले. कुणाच्या मागे कुणी गेलं नाही. फक्त विचारलं, आणि ऐकून घेतलं.

मोबाईलच्या नोंदींनी हेच काम आणखी मोठ्या प्रमाणावर करता येतं. त्यातून मला आलेला एक अनुभव सांगते. आईच्या शेवटच्या आजारपणात मी आठ महिने रोज दुपारी शहापूरला तिच्याकडे जात होते. एके दिवशी मोबाईलनं आपणहून विचारलं, ‘हे तुमचं कामाचं ठिकाण आहे का?’ मला आधी हसू आलं. मग मी थांबले. आईला न्हाऊ घालायचं, मऊ भात भरवायचा, चादरी बदलायच्या, रात्रीच्या बाईला सगळं समजावून निघायचं. याला आजवर काम म्हटलं होतं कुणी? सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. तरी ‘तुम्ही काय करता?’ म्हटलं की आपण ‘काही नाही, घरीच असते’ म्हणतो. त्या दिवशी मोबाईलला मी ‘हो’ असं उत्तर दिलं.

पण ‘हो’ म्हणताना मनात एक बारीक टोचणीही होती. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. रोज एकाच घरी जाते, एवढ्यावरून त्यानं ओळखलं. माझ्या बाबतीत त्यानं चांगलं ओळखलं. प्रत्येकीच्या बाबतीत ओळखलेलं तिच्या भल्याचंच निघेल, असं कुठे आहे?

त्याआधी आणखी एक गोष्ट बघू. मोबाईल मोजायचे म्हटले की ज्यांच्याकडे तो नाही त्या गळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालाप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. तोही साधा की स्मार्ट, हा प्रश्न पुढचा. म्हणजे पहाटेच्या अंधारात खेड्यावरून भाजीची बुट्टी घेऊन गणपत गल्लीत येणारी मावशी, जिला रस्त्यावरच्या दिव्याची सगळ्यात जास्त गरज, तीच या नकाशात नाही. आणि ज्यांच्या घरात माणशी दोन मोबाईल आहेत त्यांची वाट दुप्पट ठळक. असा नकाशा समोर ठेवून कुणी म्हणालं की ‘शहर असं चालतं’, तर विचारायला हवं, कुणाचं शहर?

आता त्या टोचणीकडे येते. ‘आम्ही नावं काढून टाकतो’ असं या कामातली माणसं नेहमी सांगतात. नाव नसलं की माणूस ओळखू येत नाही, असं आपल्यालाही वाटतं. २०१३ मध्ये काही संशोधकांनी युरोपातल्या एका देशातल्या पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासल्या. नावं काढलेलीच होती. तरी, कुठे होता आणि कोणत्या वेळी होता, अशा फक्त चार खुणा हातात असल्या तर शंभरातल्या पंचाण्णव जणांची वाट बाकीच्या सगळ्यांतून वेगळी काढता येते, असं त्यांना आढळलं. विचार केला तर नवल नाही. सकाळी सातला आमच्या बस्तीत, अकराला रविवार पेठेत, चारला शहापुरात आणि सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी, अशी बाई बेळगावात माझ्याशिवाय दुसरी कोण असणार?

न्यूयॉर्कमध्ये तर घडलंच. तिथल्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या सतरा कोटींहून जास्त फेऱ्यांची यादी २०१४ मध्ये माहितीच्या हक्कातून बाहेर आली. गाड्यांचे नंबर सांकेतिक अक्षरांत लपवले होते. ते थोड्याच वेळात उलगडले गेले. मग कुणी नट-नट्यांचे टॅक्सीत चढतानाचे फोटो त्या यादीशी जुळवून ते कुठे उतरले ते शोधलं. आणखी कुणी, कोणत्या टॅक्सी नमाजाच्या वेळांना थांबतात ते बघून मुसलमान ड्रायव्हर कोण ते ओळखता येतं, असं दाखवून दिलं. यादी शहराची वाहतूक समजावी म्हणून ठेवलेली. तिच्यातून निघाली माणसांची श्रद्धा. आज त्यांची निघाली. सूर्यास्ताआधी घरी परतणाऱ्यांची, अष्टमी-चतुर्दशीला बस्तीत जास्त वेळ थांबणाऱ्यांची निघायला असा कितीसा वेळ लागेल?

इथे मला आमच्या स्वाध्यायातलं एक जुनं प्रकरण आठवतं. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या सत्याणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारे दोष, सांगितले आहेत. आपण खरं बोलण्याचं व्रत म्हटलं की ‘खोटं बोलू नये’ एवढंच धरतो. पण त्या पाचांतले तीन दोष खोटं बोलण्यापेक्षा वेगळंच काही सांगतात.

एक आहे रहोभ्याख्यान. एकांतात घडलेली गोष्ट चारचौघांत उघड करणं. गोष्ट खरी असते. तरीही दोष.

दुसरा न्यासापहार. कुणी ठेव ठेवली, किती ठेवली ते विसरला आणि परत मागताना कमी मागितली. आपण ‘हो, तेवढीच होती’ म्हणून उरलेली गप्प ठेवून घेणं. मोबाईलच्या कंपन्यांकडे आपली जी ठेव साठते आहे तिचं याहून नेमकं वर्णन मला तरी करता येणार नाही. रस्ता विचारण्यापुरती आपण जागा सांगितली. पुढे किती वर्षांच्या किती जागा साठल्या ते आपण विसरलो. ज्याच्याकडे ठेव आहे तो मात्र विसरलेला नाही, आणि तो आठवणही करून देत नाही.

तिसरा साकारमंत्रभेद. शब्द जडच आहे. पण अर्थ बघा. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, भुवईच्या हालचालीवरून, हावभावांवरून त्याच्या मनातलं ताडायचं आणि ते असूयेपोटी दुसऱ्यांना सांगून टाकायचं. ज्यांनी हा दोष लिहून ठेवला त्यांच्यासमोर ना मोबाईल होता ना नकाशा. पण माणसाच्या बाहेरच्या खुणांवरून आतलं ओळखता येतं, आणि ते ओळखणं हातात आल्यावर काय करायचं हा धर्माचा प्रश्न होतो, हे त्यांना ठाऊक होतं. भुवईची हालचाल काय आणि नकाशावरची हालचाल काय. मोबाईलला माझं मन कळत नाही, माझी पावलं कळतात. पण रोज एका घरी जाणारी पावलं म्हणजे आजारी आई, हे ओळखायला मन वाचता यावं लागत नाही.

म्हणून ‘पण माहिती खरीच आहे ना?’ हे उत्तर पुरत नाही. खरं असणं आणि सांगायचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ज्या गोष्टीवरून आमच्या मंडळात वाद झाला ती सांगते. मंडळात एक सून येते. तिशीतली, नोकरी करणारी, हसतमुख. त्यांच्या घरी सगळ्यांचे मोबाईल एकमेकांना जोडलेले आहेत. कोण कुठे आहे ते कुणालाही कधीही दिसतं. सुरक्षिततेसाठी, असं सासऱ्यांनी ठरवलं आणि सगळे ‘बरं’ म्हणाले. ही मुलगी ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून दोनदा किल्ला तलावाकाठी बाकावर वीस मिनिटं बसायची. एकटीच. पाणी बघायची आणि घरी यायची. बस्स, एवढंच. एक दिवस सासूबाईंनी विचारलं, “तिथं कोण भेटतं का गं? की बरं वाटत नाही?” रागानं नाही, अगदी मायेनं विचारलं, हे तीच सांगते. तिनं खरं ते सांगितलं. कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या वेळी ती बसली तेव्हा तिचं लक्ष पाण्याकडे लागेना. आत्ता घरी कुणी बघत असेल का, हेच मनात. त्यानंतर ती तिथं बसायची बंद झाली.

मंडळातल्या सगळ्यात मोठ्या आमच्या अक्का म्हणाल्या, “त्यात लपवायचं काय आहे? बसते म्हणून सांगायचं की.” दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, “आमच्या वेळी गल्लीत चार खिडक्या कायम उघड्या असायच्या. कोण कुठे गेली, कधी आली, सगळ्यांना ठाऊक. त्यानं काय आम्ही मेलो?”

वहिनींचं म्हणणं मला खोडून काढायचं नाही. त्या खिडक्या मीही बघितल्या आहेत. त्यांचा जाच होता, तसा आधारही होता. कुणाच्या घरातून मोठा आवाज आला तर त्याच खिडकीतून कुणी तरी धावून यायचं. पण खिडकीतल्या बाईला गॅसवरची डाळ उतू जाते म्हणून आत जावं लागायचं. ती चार दिवसांनी विसरायची. आणि मुख्य म्हणजे ती मला बघायची तशी मीही तिला बघायची. ‘काय काकू, झाला का स्वयंपाक?’ म्हणायची. मोबाईलला डाळ उतू जात नाही. तो विसरत नाही. आणि तलावाकाठी बसलेल्या मुलीला, या क्षणी कोण बघतं आहे हे दिसत नाही. बघणारा दिसेनासा झाला की तो सगळीकडेच आहे असं वाटू लागतं.

अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्या सुनेनंच दिलं. ती म्हणाली, “लपवायचं काहीच नव्हतं, अक्का. म्हणूनच ते माझं होतं.” त्यावर कुणी काही बोललं नाही. चोरून करायची गोष्ट आणि स्वतःपुरती गोष्ट यांत फरक आहे. सामायिकात बसतो तेव्हा आपण काय लपवतो? तरी त्या वेळात कुणी येऊन ‘आत्ता कसला विचार चाललाय?’ विचारू लागलं तर सामायिक मोडतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या ओळखीतल्या एका काकांना विसरण्याचा आजार आहे. ते दोनदा घरातून निघून गेले. दुसऱ्या वेळी हातातल्या घड्याळामुळे ते बस स्टँडवर सापडले, तासाभरात. त्या घरच्यांना कुणी ‘पाळत ठेवू नका’ म्हणून सांगितलं तर ते हात जोडतील. माझी मुलगी पुण्यात असते. रात्री उशिरा टॅक्सीनं यायची असली की ती आपणहून मला व्हॉट्सअ‍ॅपवर जागा कळवते. तिथं तीनच पर्याय असतात, पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास. ती एक तास निवडते. ठिपका तिच्या दारापाशी पोचला की मी दिवा मालवते. तास संपला की ते आपोआप बंद होतं. मी मागत नाही, ती देते. आणि दिलेलं संपतं.

मला वाटतं फरक इथेच आहे. आपल्याकडे गृहस्थाला दिग्व्रत आणि देशव्रत सांगितलं आहे. दिग्व्रतात कोणत्या दिशेला किती दूर जायचं त्याची जन्मभराची मर्यादा. देशव्रतात त्या मर्यादेच्या आत आणखी आखडती मर्यादा, ठरावीक काळापुरती. आज अमुक वेळेपर्यंत मी या गल्लीच्या बाहेर जाणार नाही, अशी. या व्रताचा प्राण दोन गोष्टींत आहे. मर्यादा माझी मी आखलेली असते आणि तिला काळाची हद्द असते. तीच मर्यादा दुसऱ्यानं माझ्यावर घातली आणि तिला शेवट ठेवला नाही, तर ते व्रत नव्हे, कुंपण आहे. बायकांच्या वाट्याला आजवर व्रताच्या नावाखाली कुंपणंच जास्त आली, हे आपण एकमेकींत तरी मान्य करू. आपलं जाणं-येणं मर्यादेत ठेवायला आपण शिकलो. दुसऱ्याचं जाणं-येणं जाणून घेण्यालाही मर्यादा हवी, हे घराला आणि शहराला अजून शिकायचं आहे.

मग शहरानं मोजूच नये का? मोजावं. पण कसं, याचं एक उदाहरण आपल्या हातात रोज येतं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या बायकांना सरकारच्या साध्या बसमध्ये प्रवास फुकट. कंडक्टर ओळखपत्र बघतो आणि झिरो तिकीट फाडून देतो. पैसे नाहीत तर तिकीट कशाला, असं पहिल्या दिवसात खूपजणींनी विचारलं. ते मोजण्यासाठी असतं. किती जणी कुठून कुठे गेल्या त्यावरून सरकार परिवहन महामंडळाला पैसे देतं. म्हणजे एकेकाळी ज्या बाईचा प्रवास कुठल्याच रकान्यात नव्हता तिची रोज मोजणी होते. कोणत्या मार्गावर बायकांची गर्दी, कोणत्या वेळी, कुठे बस कमी पडते, हे सगळं त्यातून कळू शकतं. पण चौथ्या सीटवरची बाई आज माहेरी निघाली की दवाखान्यात की नुसतीच हवा खायला, हे त्या तिकिटाला ठाऊक नाही. तिकीट बसच्या प्रवासापुरतं. ती उतरली की संपलं.

करोनाच्या काळातही असाच एक प्रकार होता. एप्रिल २०२० पासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत गूगलनं जगभरातल्या प्रदेशांचे अहवाल काढले. दुकानं, बागा, बस-रेल्वेची स्थानकं इथली वर्दळ नेहमीपेक्षा किती टक्के कमी-जास्त, एवढंच त्यात असे. त्या टक्क्यांत कुणी एक माणूस दिसत नव्हता. त्या वेळी सरकारांना कळायला हवं होतं ते तेवढ्यात कळत होतं. याचा अर्थ असा की इच्छा असली तर वाटसरूच्या मागे न जाता वाट मोजता येते. मागे जायची गरज वाट समजण्यासाठी नसते. ती वेगळ्याच कशासाठी तरी असते. काही विकण्यासाठी, नाही तर ताब्यात ठेवण्यासाठी.

कायदाही आता थोडाफार आपल्या बाजूचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, त्यात संमतीला महत्त्व आहे. पण संमती म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. बारीक अक्षरांची लांबलचक पानं, आणि खाली ‘मान्य आहे’. न वाचता दाबलेलं ते बटण आणि मनापासून दिलेलं दान, यांत अंतर आहे. न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान, ही चोरीची आपली व्याख्या. नकळत दिलेलं घेणं तिच्यापासून फार लांब नाही. आणि घरात तर तेवढं बटणही नसतं. तिथं ‘सगळे बरं म्हणाले’ यालाच संमती धरतात. नवी सून ‘नको’ म्हणू शकत होती का, हे कुणी विचारत नाही.

मंडळात शेवटी कुणाचं मत कुणी बदललं नाही. पण मला स्वतःपुरते तीन प्रश्न सापडले, ते तुमच्यापुढे ठेवते. कुणी आपली जागा मागितली, मग ते सरकार असो, कंपनी असो की घरचं माणूस, तर विचारायचं: तुम्हाला वाट कळायला हवी आहे की मी? हे किती वेळापुरतं? आणि मी मध्येच ‘आता पुरे’ म्हटलं तर चालेल का? विसरणाऱ्या काकांच्या घड्याळाचा हेतू सरळ आहे. त्यांना ‘पुरे’ म्हणता येत नाही, म्हणून तर त्यांच्या माणसांनी जास्त जपून राहायला हवं. माझ्या मुलीचा एक तास तिन्ही प्रश्नांना पुरतो. झिरो तिकीट पुरतं. सासऱ्यांनी जोडलेले मोबाईल तिन्ही ठिकाणी अडतात, त्यांची माया खरी असूनही.

त्या तलावाकाठच्या वीस मिनिटांचंच बघा. महानगरपालिकेला नावाशिवाय एवढंच कळलं असतं की संध्याकाळी साडेपाच-सहाला पुष्कळ बायका तिथं थोडा वेळ थांबतात, तर आणखी चार बाक मांडता आले असते, दोन दिवे लावता आले असते. घराला नावासकट कळलं, तर होता त्या बाकावरून एकजण उठली. माहिती तीच. कुणाकडे गेली आणि कशी गेली, यानं एवढा फरक पडला.

तुमच्याही घरी मोबाईल असे जोडलेले असतील, तर एक करून बघा. घरातल्या सगळ्यात धाकट्या सुनेला किंवा मुलीला, इतर कुणी नसताना, विचारा की हे तुला हवं आहे का. ‘चालेल’ म्हणाली तर ते उत्तर धरू नका. जरा थांबा, आणि पुन्हा विचारा.